जोडचित्रातील दोष कसा सांगावा?

आपल्या दोन डोळ्यांना थोडी निराळी दृश्ये दिसतात. त्यांवरून मेंदू खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपच्या साहाय्याने हे दाखवून दिले.

समजा, मित्राने फुलपाखराची दोन छायाचित्रे काढून असे जोडचित्र तुम्हांला दाखविले. नुसते ‘छान’ किंवा ‘बिघडले’ म्हणून त्याला काय कळणार? दोष आणि कारण दोन्ही सांगा. मागची पाने फुलपाखराच्या पुढे आलेली दिसतात? मग डाव्या-उजव्या चित्रांची अदलाबदल झाली आहे. डोळ्यांना ताण पडतो? एखादे चित्र वर-खाली सरकले असेल. हे दोष घरीच दुरुस्त होतात. पण एकाच कॅमेऱ्याने पाठोपाठ चित्रे घेताना पंख हलले, तर चित्र पुन्हाच काढावे लागते.

खोली अवास्तव वाटते? कॅमेरा बाजूला किती सरकवावा, याचा ढोबळ नियम आहे : वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग. ३० सेंमी.वरच्या फुलपाखरासाठी १ सेंमी. पुरे.

तुमच्या चित्राला कोणी दोष दिला, तर रागावू नका. तो स्वतः पडताळून पाहा. मात्र निर्दोष चित्राच्या हव्यासापायी फुलपाखराला टाचणी लावू नका. जिवंत फुलपाखराचे सदोष चित्रही त्याहून मोलाचे!