अणुभट्टीची किंमत आणि गोसीखुर्दचा धडा

भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज होता ३७२ कोटी. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. रखडलेलं काम पैसा कसा खातं, हे भंडारेकरांना नव्याने शिकवायला नको. आता मध्य प्रदेशात, शिवनीला लागून असलेल्या मंडला जिल्ह्यात, नर्मदेवरच्या बरगी जलाशयाकाठी चुटका इथे ७०० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. त्यांच्या निमित्ताने काही गैरसमज तपासून घेऊ.

गैरसमज : युरेनियम महाग, म्हणून अणुवीज महाग.
वस्तुस्थिती : कोळशाच्या केंद्रात इंधनाचा खर्च जन्मभर चालतो. अणुकेंद्रात मोठा वाटा बांधकामाचा आणि त्यासाठी काढलेल्या कर्जावरच्या व्याजाचा असतो. वीज सुरू होईपर्यंत व्याज चढतच राहतं.

गैरसमज : परदेशी भट्टी महाग, देशी स्वस्त.
वस्तुस्थिती : कुडनकुलमच्या पहिल्या दोन रशियन भट्ट्यांचा (२००० मेगावॅट) सुधारित खर्च २२,४६२ कोटी, म्हणजे मेगावॅटमागे सुमारे ११ कोटी. तेवढ्याच क्षमतेच्या पुढच्या जोडीला ३९,८४९ कोटी मंजूर झाले, म्हणजे सुमारे २० कोटी. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या प्रत्येकी ७०० मेगावॅटच्या १० देशी भट्ट्यांचा अंदाज १,०५,००० कोटी, म्हणजे मेगावॅटमागे १५ कोटी. चुटक्याच्या दोन्ही त्यातल्याच. देशी भट्टीला समृद्ध युरेनियम लागत नाही, पण महागडं जड पाणी लागतं. शिवाय हे रुपये वेगवेगळ्या वर्षांचे आहेत, त्यामुळे थेट तुलना फसवी.

गैरसमज : आराखडा एकच, तर खर्चही एकच.
वस्तुस्थिती : जैतापूरसाठी प्रस्तावित असलेल्या फ्रेंच ईपीआर भट्टीचं बांधकाम फिनलंडमध्ये २००५ ला सुरू झालं. करार सुमारे ३ अब्ज युरोंचा होता. २०२३ मध्ये नियमित वीज मिळेपर्यंत खर्च ११ अब्जांच्या घरात गेला. चीनमधल्या ताइशानला हीच भट्टी २००९ ला बांधायला घेतली आणि ती २०१८ मध्ये वीज देऊ लागली, म्हणजे निम्म्या वेळात; आणि जितका वेळ, तितकं व्याज.

गैरसमज : लहान भट्टी, लहान खर्च.
वस्तुस्थिती : एकूण बिल लहान, पण दर मेगावॅटला तसं होईलच असं नाही. दोन खोल्यांच्या घरालाही विहीर अख्खीच खणावी लागते. अमेरिकेत आयडाहोमधल्या, लहान भट्ट्यांच्या ४६२ मेगावॅटच्या प्रकल्पाचा अंदाज ९.३ अब्ज डॉलरवर गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो रद्द झाला.

म्हणून चुटक्याचा आकडा कानावर आला की तीन गोष्टी विचारायच्या : रुपये कोणत्या वर्षाचे, व्याज धरलंय का, आणि खर्च मंजूर झालेला की प्रत्यक्ष झालेला? गोसीखुर्दचे ३७२ कोटीसुद्धा कागदावरचेच होते.