आधी प्रकाशनवर्ष पाहावे
दस्तऐवज हाती येताच प्रथम तारीख पाहण्याची बँकेतील सवय नातीच्या जन्मानंतर उपयोगी पडली. घरात जपलेल्या बालसंगोपनाच्या जुन्या पुस्तकात तान्ह्या बाळास पालथे निजवावे, असे छापले होते. त्याच सल्ल्याने आम्ही मुलाला वाढविले! आज बालरोगतज्ज्ञ उताणेच निजवावयास सांगतात, कारण पालथ्या निजेत अकस्मात मृत्यूचा धोका अधिक आढळला. सूनबाईंनी ते पुस्तक मुकाट्याने माळ्यावर टाकले.

नवे घेताना मी वाढीचे तक्ते तपासले. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते भारतासह सहा देशांतील, स्तनपानावर वाढलेल्या बालकांच्या मोजमापांवरून सिद्ध झाले आहेत. ते ज्यात होते, तेच पुस्तक घेतले. किंमत सर्वांत शेवटी पाहिली. व्यापारी वाचकांनी क्षमा करावी.