ओढ्यातली वाट आणि भरलेली ट्रॉली

नेवासा : गळीत हंगाम सुरू झाला की सोनई आणि भेंड्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. ही रांग सगळ्यांना दिसते. पण त्यातली एखादी ट्रॉली डांबरावर येण्याआधी कोणत्या घळीतून, किती ओढे ओलांडून आली, हे तिच्या ड्रायव्हरलाच ठाऊक.

प्रवराकाठी गाळाच्या मातीचे जाड थर आहेत. पावसाचे पाणी ही माती कापत जाते. आधी ओघळ पडते, मग तिची घळ होते. दोन्ही बाजूंना उभे काठ, तळाला गोटे, मधून पाण्याची धार आणि त्यातूनच शिवाराची वाट. याच काठावरच्या गोट्यांच्या थरांत डॉ. ह. धी. सांकलियांना अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली. 1954 ते 1956 या काळात त्यांनी नेवाशात उत्खनन केले, तेव्हापासून गावाचे नाव पुरातत्त्वाच्या ग्रंथांत गेले. ट्रॅक्टरवाल्याला मात्र या थरांची ओळख वेगळ्या कारणाने आहे. गोट्यांवर चाक धरते, गाळावर घसरते.

पाणी आधी पायाने मोजा

ओढा दिसला की ट्रॅक्टर थांबवावा. काठी घेऊन खाली उतरावे, तळ गोट्यांचा की चिखलाचा ते बघावे. जोराचे किंवा गढूळ पाणी असेल तर पायही घालू नये, तिथूनच माघारी फिरावे. एक फूट वाहते पाणी लहान मोटारीला ढकलून नेऊ शकते आणि दोन फुटांत बहुतेक मोटारी वाहून जातात. ट्रॅक्टर जड असला तरी मागची ट्रॉली पाण्याला आडवी होते आणि ट्रॅक्टरला ओढते.

पाण्यात शिरण्याआधीच लो गिअर टाकावा. मध्ये गिअर बदलू नये, क्लच दाबू नये. एकसारख्या संथ चालीने पलीकडे जावे. दोन्ही ब्रेकची पट्टी जोडलेली असावी. बाहेर पडल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून सुकवावेत, कारण ओले ब्रेक उतारावर दगा देतात.

खरी भीती पलीकडच्या चढाची. ट्रॉली अडकवण्याची जागा उंच असली आणि मागून ओढ बसली, तर ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि तो मागे उलटतो. म्हणून ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडावी. चाक फसले तर चाकाला लाकूड बांधून पुढे रेटण्याचा जुना उपाय जिवावर बेततो. त्यापेक्षा मागे घ्यावे किंवा थोडा ऊस उतरवावा. घळीच्या काठालगत तर कधीच चालू नये. खालून पाण्याने पोखरलेला काठ वरून धडधाकट दिसतो.

आणखी एक गोष्ट. आभाळ स्वच्छ असले म्हणून नदी शांत असेलच असे नाही. भंडारदरा आणि निळवंड्यातून पाणी सोडले की प्रवरा चढते. खाली संगमाकडे जायकवाडीचा फुगवटाही ओढ्यांच्या तोंडात शिरतो. काल गुडघाभर असलेले पाणी आज कमरेला लागू शकते.

थांबायचे तरी किती?

ड्रायव्हर एवढा जोखमीला का पडतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर वाळतो. वजन घटते, साखरही उतरते. टोळी पुढच्या फडात निघून जाते. ओढ्याला पाणी आहे म्हणून ना ऊस थांबतो, ना टोळी. याच वाटेने पोरे शाळेत जातात, आजारी माणूसही इथूनच दवाखान्यात न्यावा लागतो.

एखादी साधी फरशी टाकली तरी निम्मा प्रश्न सुटतो. पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारने 2021 मध्ये रोजगार हमीच्या जोडीने मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. वाट कुणी अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. बांधावरून नवा रस्ता हवा असेल, तर जमीन महसूल संहिता 1966 चे कलम 143 आहे. भाऊबंदकीच्या भांडणात ही मुदत निघून जाते आणि वाट पुन्हा ओढ्यातूनच काढावी लागते.

पुढच्या ग्रामसभेत उसाच्या भावाबरोबर ओढ्यावरच्या फरशीचाही विषय निघू द्या. तोवर ड्रायव्हर दादा, पाणी बघूनच गाडी घाला. खेप उद्याही होईल, घरी वाट बघणारी माणसे आहेत.