बालमंदिरात जाण्यापूर्वी

मूल तीन वर्षांचे झाले की सुशिक्षित घरांतून एक विशेष प्रकारची लगबग सुरू होते. जून महिना जवळ येऊ लागतो. दप्तर, डबा, पाण्याची बाटली, पावसाळी कोट यांची खरेदी होते. मुलाला येताजाता रंग विचारले जातात, आकडे म्हणवून घेतले जातात, आणि पाहुणे आले की त्यांच्यापुढे इंग्रजी मुळाक्षरांचे प्रदर्शनही होते. या सगळ्या तयारीत एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते. ज्या क्षणी आईचे बोट सुटेल आणि दोघांच्या मध्ये दार येईल, त्या क्षणासाठी मुलाची कोणतीच तयारी झालेली नसते. वस्तुतः बालमंदिरात जाणाऱ्या मुलापुढे खरी परीक्षा असते ती हीच. अक्षरे शिकवावयास तेथे बाई आहेत. परंतु आई जाते आणि सांगितल्याप्रमाणे परत येते, हा धडा घरीच सुरू व्हावा लागतो.

जुन्या काळी हा प्रश्न इतक्या लहान वयात उभाच राहत नसे. दसऱ्याला पाटीपूजन होई, धुळाक्षरे गिरवून श्रीगणेशा होई, आणि मूल पंतोजींकडे जावयाचे तेव्हा ते बरेच जाणते झालेले असे. तरीही जे पोर शाळेस जाण्याचे नाकारी त्याची चार थोराड विद्यार्थी टांगाटोळी करून त्याला उचलून नेत. त्या काळच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी ही टांगाटोळी मोठ्या विनोदाने वर्णिली आहे. पण तो विनोद मोठेपणी सुचलेला आहे, उचलून नेले जात असताना नव्हे. आज टांगाटोळी इतिहासजमा झाली. मात्र रडते मूल गाडीवाल्या काकांच्या हाती देऊन दार लावून घेणारी घरे शहरांतून पुष्कळ आहेत, आणि मुलाच्या दृष्टीने या दोहोंत फार मोठे अंतर नाही.

बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांनी घर आणि शाळा यांमधील अंतर कमी करण्याकडे किती लक्ष दिले होते, हे पाहण्यासारखे आहे. डॉ. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडले. ते ज्या इमारतीत मुले राहत होती त्याच इमारतीत होते. म्हणजे शाळेला जावयाचे तर केवळ जिना उतरावयाचा. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. मिशा असूनही मुलांनी ज्यांना आई मानले, अशी या वकिलाची ख्याती. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले, आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साह्याने ते काम बोर्डी व कोसबाड या परिसरात वाढविले. पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच प्रयोगातून आलेला आहे.

शहरातील कुटुंबाला शाळा अंगणात आणता येत नाही. बालमंदिर दोन बसथांब्यांपलीकडे असते, फाटकावर पहारेकरी असतो, आणि आईला नऊच्या लोकलने कामावर जावयाचे असते. अंतर तोडणे शक्य नसेल, तर त्या अंतराची सवय मुलाला हळूहळू आणि खरेपणाने करून देणे, एवढेच हाती उरते. यात ‘खरेपणाने’ या शब्दावर जितका भर द्यावा तितका थोडाच.

कारण आपल्या घराघरांतून मुलाला फसवून जाण्याची एक जुनी रीत आहे. ‘तो बघ काऊ आला’ म्हणून आजी मुलाला खिडकीशी नेते आणि तेवढ्यात आई चपला हातात घेऊन जिना उतरते. हेतू चांगला असतो. मूल रडू नये, एवढाच. परंतु मूल वळून पाहते तो आई नाही! यातून ते एवढेच शिकते की, जरा दुर्लक्ष झाले की आई नाहीशी होते. मग ते पदर सोडीत नाही, न्हाणीघराच्या दारापर्यंत मागे येते, रात्री दचकून उठून हात लावून पाहते. लोक त्याला ‘आईवेडे’ म्हणतात. ते वेडे नसते. त्याने आपल्या अनुभवावरून अगदी बिनचूक निष्कर्ष काढलेला असतो. सांगून गेल्यास मूल दोन मिनिटे रडेल. ते रडणे पत्करावे. सांगून गेलेली आई सांगितल्याप्रमाणे परत आली, हे वीस-पंचवीस वेळा अनुभवल्यावर त्याच्या ठिकाणी जी निश्चिंती उत्पन्न होते, ती दुसऱ्या कोणत्याही उपायाने होत नाही.

हा अभ्यास शाळा सुरू होण्याच्या दोनतीन महिने आधीपासून करावा. खरे पाहता त्याचा आरंभ पाळण्यातच झालेला असतो. पदराआड तोंड लपवून ‘बुवा कुक’ करणारी आई, दिसेनासे झालेले माणूस पुन्हा दिसते हेच तर शिकवीत असते. आता तोच खेळ थोडा मोठा करावयाचा. प्रथम आजीजवळ ठेवून खालच्या वाण्याकडे जाऊन यावे. मग शेजारच्या काकूंकडे अर्धा तास, मावशीकडे एक दुपार. प्रत्येक वेळी जाताना सांगावे, आल्यावर ‘आले बघ’ म्हणून कळवावे. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. ‘साडेअकराला येईन’ याचा त्याला काहीच अर्थ नसतो. त्याचा काळ घटनांनी मोजला जातो. ‘डबा खाल्लास, गाणी झाली, की आजोबा फाटकाशी उभे असतील’, हे त्याला नेमके समजते. अशा वेळी आजोबांनीही उशीर करू नये. पहिल्या पंधरवड्यात दहा मिनिटांचा उशीर मुलाला फार मोठा वाटतो. बाकीची मुले एकेक करून जात असतात आणि ते दाराकडे पाहत असते.

निरोप थोडक्यात असावा आणि रोज एकाच पद्धतीचा असावा. एक पापा, एक वाक्य, आणि वळून चालू लागणे. पाचपाच वेळा मागे येणारी, डोळे पुसणारी आई मुलाला न बोलता सांगत असते की, ही जागा काही बरी नव्हे. मुले आपल्या शब्दांपेक्षा आपला चेहरा आधी वाचतात. ज्या आईला आपले डोळे आवरणार नाहीत असे वाटते, तिने पहिले काही दिवस बाबांना किंवा आजोबांना पोहोचवावयास पाठवावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

आता देहधर्माच्या गोष्टी. या क्षुल्लक वाटतात, परंतु बालमंदिरातील निम्मी रडारड यांतूनच निघते. लघवी लागली हे मुलाला परक्या बाईला सांगता आले पाहिजे. घरोघर यासाठी वेगवेगळे लाडके शब्द असतात. तो शब्द बाईंना आधीच कळवावा, आणि मुलाला तेथे चालणारा शब्दही शिकवावा. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालावयाचे असेल तर हे विशेषच अगत्याचे. मुळाक्षरे येत नसली तरी कोणाचे काही अडत नाही. ‘पाणी हवे’, ‘शू लागली’, ‘दुखते’ एवढे सांगता आले नाही तर फार अडते. चड्डीला लवचिक पट्टा असावा. नाडी आणि घट्ट बटणे घरी शोभतात. घरी एका प्रकारचे शौचकूप आणि शाळेत दुसऱ्या प्रकारचे असेल तर त्याचीही आधी ओळख हवी. डब्याचे झाकण आणि बाटलीचे बूच मुलाकडून घरीच उघडवून पाहावे. कित्येक मुले उपाशी परत येतात ती खावयास नको असते म्हणून नव्हे, तर डबा उघडत नाही म्हणून. पोळीची गुंडाळी, उपमा, केळे असे स्वतःच्या हाताने खाता येणारे अन्न द्यावे. झोपेचीही घडी आधीच बसवावी. या वयात दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप लागते. रात्री अकरापर्यंत पडद्यापुढे बसलेले मूल सकाळी सातला ओढून उठविले तर ते रडणारच, आणि त्याचा दोष शाळेकडे जाईल.

एक धमकी मात्र घरातून कायमची हद्दपार करावी. ‘थांब, शाळेत घातले की बाई सरळ करतील’, हे वाक्य आजही ऐकू येते. ज्या बाईंच्या हाती मूल सोपवावयाचे, त्यांनाच बागुलबुवा करून ठेवल्यावर मुलाने त्यांच्याजवळ धावत जावे ही अपेक्षा करणे अजब आहे.

बालमंदिर निवडताना इमारत आणि खेळणी पाहिली जातात. पहिले काही दिवस आईला वर्गात किंवा ओसरीवर बसू देतात काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. तो प्रथम विचारावा. जेथे पहिल्याच दिवशी दार लावून घेण्याचा अभिमान बाळगला जातो, तेथे मुले लवकर गप्प होतात हे खरे. पण गप्प होणे आणि रुळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण १९५२ साली लोकांपुढे ठेवले, तेव्हा शांत मूल सुखी असतेच असे नाही, हे डॉक्टरांनाही प्रथमच डोळ्यांनी दिसले. घरची गोधडी, एखादी बाहुली, आईचा रुमाल असे काही जवळ ठेवू देणारे बालमंदिर बरे. त्या मळक्या तुकड्यात मुलाचे घर असते.

सुरुवातीच्या आठवड्यांत काही विपरीत भासणारे प्रकार घडतात. पहिले चार दिवस आनंदाने गेलेले मूल दुसऱ्या आठवड्यात हटून बसते. नवलाई संपून ‘हे रोजचेच आहे’ हे त्याला तेव्हा कळलेले असते. दिवसभर शहाण्यासारखे वागलेले मूल आई दिसताच हंबरडा फोडते. ते दुःखाचे नसून आवरून धरलेले मोकळे करण्याचे रडणे असते, आणि ते ज्याच्यापाशी करावेसे वाटते तेच माणूस त्याचे. अंथरुण ओले करणे, बोबडे बोलणे, भरवून घेण्याचा हट्ट हेही काही काळ परत येते. सोमवार आणि सुट्टीनंतरचा पहिला दिवस जड जातो. पावसाळ्यात सर्दीखोकला तर ठरलेलाच.

हे सारे साधारणपणे महिना-दीड महिन्यात ओसरते. तसे ओसरले नाही, मूल जेवेनासे झाले, झोपेत किंचाळू लागले, किंवा एखाद्या विशिष्ट माणसाचे नाव काढताच भिऊ लागले, तर ‘होईल सवय’ म्हणून स्वस्थ बसू नये. बाईंना भेटावे, वर्ग प्रत्यक्ष पाहावा, आणि जरूर पडल्यास काही महिने थांबावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षण सक्तीचे केले आहे ते सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पहिलीचे वय सहा वर्षांचेच धरलेले आहे. साडेतीन वर्षांचे मूल दिवाळीपर्यंत घरी राहिले म्हणून त्याचे काहीही बुडत नाही. शेजारच्या बंडूला शंभरपर्यंत आकडे येऊ लागले तरीसुद्धा!