मोटर मोजायचे दिवस

यंदा आमच्या अमरावतीच्या कॉलेजातला मोटर टेस्टिंगचा बाक भंगारात निघाला. त्या जागी सिम्युलेशन लॅब झाली. एसी आहे, फिरत्या खुर्च्या आहेत. मोटर तेवढी नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा ब्रेक टेस्ट, जर्नल, व्हायवा एवढंच चाले. त्या वर्षांबद्दल लिहावं असं काही घडलं नाही. रंग भरला तो 2015 नंतर. त्या एप्रिलात ई-वाहनांना अनुदान देणारी केंद्राची फेम योजना आली, ई-बाहा या विद्यार्थ्यांच्या ई-गाडी स्पर्धेचं वारं सुटलं आणि पोरं संगणकावर ई-गाडी पळवू लागली. मोटरीचे आकडे कुठून आणले विचारलं की कॅटलॉगकडे बोट. मग त्यांना बाकापाशी ओढायचं.

चाकात बसणारी हब मोटर लेथने ठरावीक आरपीएमवर फिरवायची, टोकांमधलं व्होल्टेज स्कोपवर पाहायचं. बॅक ईएमएफचा स्थिरांक हाती आला की टॉर्कचाही आलाच. वाइंडिंगचा रेझिस्टन्स मिलिओहमात. साधा मल्टिमीटर लावला तर आपल्याच वायरी मोजल्या जातात, म्हणून माहीत असलेला करंट सोडून व्होल्टेज घ्यायचं. लोडला पट्टा आणि दोन स्प्रिंग बॅलन्स. दोहोंतला फरक गुणिले त्रिज्या, झाला टॉर्क. पट्टा करपायचा, लॅबभर वास. तपासणीला आलेले एक साहेब त्या पट्ट्याला हसले होते. साहेब, तो टॉर्क मोजत होता. तुमचं सॉफ्टवेअर तो गृहीत धरतं.

आम्हाला शहाणं केलं ते अकोल्याच्या एका कारागिराने. शेतातल्या पंपांच्या जळक्या मोटरी भरण्यात त्याची हयात गेलेली. म्हणाला, ‘थंडी मोटर काय मोजता बाप्पा, तापल्यावर मोजा न!’ खरंच होतं. तांब्याचा रेझिस्टन्स अंशामागे साधारण 0.39 टक्के वाढतो. 25 अंशांवर मोजलेलं वाइंडिंग 100 वर गेलं की तीसेक टक्के जास्त. वर चुंबक मंदावतं, म्हणजे तेवढ्याच टॉर्कला करंट अधिक. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात तर वेग कमी, करंट जास्त, वारा नाही. पोरांनी तापलेले आकडे मॉडेलमध्ये भरले, तेव्हा कागदावर घाट सर करणारी गाडी अर्ध्यातच दम टाकू लागली. ई-दुचाकीची रेंज ज्या ठरावीक चाचणीवर सांगतात, ती भारतीय ड्रायव्हिंग सायकल 108 सेकंदांची, कमाल वेग ताशी 42 किलोमीटर. तिच्यात ना घाट, ना अकोल्याचा मे. तो मे कसा असतो? 2024 मध्ये पारा 45 अंशांपार गेल्यावर तिथे जमावबंदी लावावी लागली होती.

परवा नव्या लॅबमधला प्रोजेक्ट पाहायला बोलावलं. अमरावती-अकोला फेरी, महिना मे, आलेख देखणा. तापमानाच्या रकान्यात 25. बदललं का नाही, विचारलं. पोरगी म्हणाली, ‘सर, ते आधीपासूनच भरलेलं असते.’ परीक्षकांनी पैकीच्या पैकी मार्क दिले होते.