केमचे पाणी, गुहागरचे कासव

समुद्र वाचवण्याचा विषय निघाला की आपल्याकडे अनेकांना वाटते, हा कोकणातल्या लोकांचा प्रश्न. करमाळा तालुक्यातले आपले केम कुंकवासाठी ओळखले जाते. समुद्राशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो पाण्याचा आहे. सीना नदी हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते, भीमा कर्नाटकात कृष्णेला आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. आपल्या ओढ्या-नाल्यांतले पाणी याच वाटेने जाते. वाटेत धरणे बरेच काही अडवतात, पण सगळे नाही.

शेतातून वाहून गेलेले जादा खत समुद्रात पोहोचले की शेवाळ माजते. ते मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. प्लास्टिकची पिशवी पाण्यात तरंगताना जेलीफिशसारखी दिसते; कासव ती गिळते.

आणि समुद्राला पूर्व-पश्चिम अशी भिंत नसते. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले कासवाच्या परावर संशोधकांनी क्रमांकाचा बिल्ला लावला होता. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. म्हणजे बंगालच्या उपसागरातला जीव साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास पोहून आपल्या राज्यात आला. त्याआधी २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह यंत्र बसवलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. आपले पाणी जिथे जाते, त्याच समुद्रात ही कासवे फिरतात.

मग संवर्धन कोणी करायचे? रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचे उदाहरण पाहा. तिथे पूर्वी कासवाची अंडी खाल्ली आणि विकली जात. 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे येऊ लागले आणि घरोघरी उत्पन्न आले. मच्छीमारांच्या बाबतीतही तेच. कासव फुफ्फुसाने श्वास घेते. जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर बुडून मरते. ते सोडवायला जाळे कापावे लागते आणि नुकसान गरिबाचे होते. म्हणून राज्य सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये अशा मच्छीमारांना २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली.

यातून कार्यकर्त्यांनी एक गोष्ट घ्यावी असे आम्हाला वाटते. ज्याच्या पोटावर पाय येतो, त्याला दोषी ठरवून निसर्ग वाचत नाही. त्याला वाटेकरी करावे लागते. हे शेतकऱ्यालाही लागू आहे. माती परीक्षण करून खत दिले तर त्याचा खर्च वाचतो आणि नदीही वाचते. औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओढ्यात जाऊ नयेत, तर त्या गोळा करण्याची सोय गावात हवी. येत्या ग्रामसभेत तरुणांनी हा विषय मांडावा. समुद्राचे काम आपल्या ओढ्यापासून सुरू होते.