नवशिक्या नटाने वर्ग कसा निवडावा?

सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. अशा घरातील मुलाने वा मुलीने ‘मला अभिनय शिकायचा आहे’ असे म्हटले, की आईबापांच्या छातीत धस्स होते. पोट कसे भरणार? पैसे बुडणार तर नाहीत ना?

ही भीती रास्त आहे. पण तिच्यावर उपाय नकार हा नव्हे, योग्य निवड हा होय. दिल्लीस १९५९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. सुरतेहून जवळच्या बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठातही नाट्यशिक्षण मिळते. खासगी वर्गात नाव घालण्यापूर्वी मात्र तेथे तासभर बसून पाहावे. शिक्षक किती बोलतात आणि विद्यार्थी स्वतः उभे राहून किती करतात, हे ताडावे. ‘चित्रपटात काम देतो’ असे वचन देऊन जेथे पैसे मागतात, तेथून परत फिरावे.

धीटपणा विकत मिळत नाही. संवाद रोज मोठ्याने म्हणावेत. आधी घरच्यांपुढे, मग नाताळच्या नाटुकल्यात, मग परक्यांपुढे. छाती धडधडेलच; परंतु पाठांतर चोख असले, की जीभ सावरते.

डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. वैद्यकी सांभाळून त्यांनी अनेक वर्षे हौशी रंगभूमीवर कामे केली. १९६९ साली ते पूर्णवेळ नट झाले आणि १९७० साली ‘नटसम्राट’ नाटकात उभे राहिले. तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती.

म्हणून आईबापांनो, ‘शिक्षण पुरे कर, आणि सायंकाळी तालमीस जा’ असे लेकरास सांगा. आणि त्याच्या पहिल्या प्रयोगास पुढच्या रांगेत बसा.